मगदूमबाईंची अळंबी

गेल्या श्रावणात माझ्या नातीनं गॅलरीतल्या कुंडीत उगवलेल्या एका पिवळ्या छत्रीसमोर मोबाईल धरला. मोबाईलनं क्षणात तिचं लांबलचक नाव सांगितलं आणि खाली लाल त्रिकोण काढून ‘खाण्यास अयोग्य’ असंही बजावलं. नात म्हणाली, “बघ आजी, किती सोपं आहे.” मी म्हणाले, “उकरून पाय बघितलास का तिचा?” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता आजीचं काही खरं नाही.

ते वाक्य माझं नव्हतंच. ते मगदूमबाईंचं. आणि बाईंचं एखादं वाक्य असं तोंडातून निसटलं, की अजून माझी कानशिलं गरम होतात.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेमतेम साठ वर्षांची अल्लड पोर होते. बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. मुलीनं जांभळ्या रंगाचे चालायचे बूट पाठवले होते आणि ते साऱ्या साताऱ्याला दिसावेत म्हणून मी रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढत असे. एका वळणावर एक म्हातारी बाई पालथी पडलेली दिसली. शेजारी उघडी छत्री, एक चप्पल पायातून निसटलेली. मी किंचाळले असणार. शिवाय बँकेनं कधीकाळी आम्हाला प्रथमोपचार शिकवले होते, त्यातलं काहीही न आठवल्यामुळे मी हातातली पाण्याची बाटली त्यांच्या डोक्यावर रिकामी केली.

बाईंनी मान वर केली नाही. “पाऊस थांबला होता ना?” त्या जमिनीलाच विचारल्यासारखं म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आता ओतलंच आहे तर थोडं इकडं ओता. हिची टोपी सुकायला लागली आहे.”

ही म्हणजे करंगळीच्या नखाएवढी एक करडी अळंबी. तिच्यासाठी त्या सत्तरीला टेकलेल्या बाई पंधरा-वीस मिनिटं ओल्या गवतात पडून होत्या. मी बाजूला बसले. बूट चिखलात गेले. अशी आमची ओळख झाली.

बाई मूळच्या सांगलीजवळच्या एका गावातल्या. घर जैन शेतकऱ्याचं, हळद आणि ऊस. घरातल्या बाकीच्या मुली लग्न होऊन गेल्या, ही एक शिकत राहिली. साताऱ्याच्या एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथंच राहिल्या, कारण, त्यांच्या शब्दांत, “सांगलीला माणसं बरी आहेत, पण झाडी कुठाय?” अंगानं काटकुळ्या. पावसाळाभर भावाच्या जुन्या पँटी घालायच्या, कमरेला नाडी बांधून, आणि वर स्वतःची सुती ओढणी. पाठीवर पिशवी, हातात वेताची परडी. परडीत एक खुरपी, भावाच्या रानात हळद काढायला वापरतात तसली. अळंबी त्या कधी खुडत नसत, उकरून काढत. “टोपीवर जाऊ नका,” त्या सांगत, “टोप्या सगळ्यांच्या छान असतात. पाय बघा. जे काय लपवायचं असतं ते सगळं पायाशी असतं.”

आणि या बाईंनी जन्मात एकदाही अळंबी तोंडात घातली नव्हती. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य बुडाल्यावर पाण्याशिवाय काही नाही, आणि अळंबी तर नाहीच नाही. मला ते फार विनोदी वाटायचं. मी त्यांना म्हटलं होतं, हे म्हणजे पोहायला न येणाऱ्या माणसानं समुद्राचे नकाशे काढण्यासारखं आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणून तर मला ती दिसते. तुम्हाला भाजी दिसते.”

खरंच होतं ते. मला भाजीच दिसायची.

त्यांच्या घरी गेलं की न्हाणीघराच्या फळीवर स्टीलच्या वाट्या पालथ्या घातलेल्या असायच्या. स्वयंपाकघरात त्या ही मंडळी येऊ देत नसत. प्रत्येक वाटीखाली कागद, अर्धा काळा, अर्धा पांढरा, आणि कागदावर अळंबीची टोपी. रात्रभर टोपीतून बारीक भुकटी झडते आणि सकाळी कागदावर तिची नक्षी उमटलेली असते. कुणाची गुलाबी, कुणाची तपकिरी, कुणाची पांढरी. त्यावरून जात ओळखायची. पहिल्याच भेटीत मी एक वाटी कुतूहलानं उचलली आणि सणकून शिंकले. एक गुलाबी नक्षी कायमची माझ्या नाकात गेली. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा न्हाणीघराला कुलूप होतं.

त्यांच्यामागं आम्हा सात-आठ रिकामटेकड्या बायका-पुरुषांचा एक कळप जमला. पावसाळ्यात दर रविवारी कुठल्यातरी रानात जायचं. मोबाईलवर गटही काढला. त्यावर लोक फोटो टाकत आणि खाली एकच प्रश्न विचारत: खाऊ का? बाईंचं उत्तर ठरलेलं: “मला खायचं विचारू नका. नाव विचारा.” याचा राग यायचा लोकांना. एकदा एका निवृत्त तहसीलदारांनी ऐकवलं, की मॅडम, नाव घेऊन आम्ही काय बारसं करायचंय? बाईंनी त्यावर हाताचा अंगठा टाकला. त्यांना ते चिन्ह फक्त ‘वाचलं’ या अर्थाचं वाटायचं.

हा प्रश्न त्या का टाळत ते मी त्यांना एकदा नीट विचारलं होतं. म्हणाल्या, खाणं हा माझा विषय नाही. जे मी खात नाही त्याबद्दल हो म्हणणंही पाप आणि नाही म्हणणंही पाप. मला तेव्हा हे फार थोर वाटलं. आज वाटतं, या एका वाक्यात त्यांनी स्वतःची छान सोय करून घेतली होती.

बाईंच्या मनात एक गाठ होती. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी कोयनेकडच्या जंगलात एक निळसर अळंबी शोधली होती आणि मोठ्या मनानं आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला नेऊन दाखवली होती. मुलगा पुण्याचा, हुशार. वर्षाच्या आत त्यानं ती छापून आणली. स्वतःच्या नावानं. बाईंचे आभार तळाशी, गाडीच्या ड्रायव्हरच्या आधी. बाई हसून सांगायच्या ही गोष्ट, पण त्यानंतर त्या रानात काही वेगळं दिसलं की बोलेनाशा झाल्या. खुणेच्या जागेवर पाला टाकायच्या. आम्हाला दुसऱ्याच वाटेनं परत आणायच्या. मी त्यांना चिडवायची, की बाई, तुम्ही नवऱ्याची माया नाही केली पण अळंबीची करताय. त्याही हसायच्या. मी तर स्वतःच्या विनोदावर त्यांच्याआधीच हसून मोकळी झालेली असायची.

दर पावसाळ्यात बाई महाबळेश्वरच्या मागच्या उतारावरच्या एका वाडीत दोन दिवस जाऊन राहत. दहा-बारा घरं, मागं दाट राई. हिरडा, जांभूळ, अंजनी. उतरायचं शेवंताबाईंकडे. शेवंताबाई पन्नाशीच्या, नवरा वारलेला, मुलगा दिलीप महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा. ओळख झाल्यापासून तीन पावसाळे बाईंबरोबर मीही जायला लागले. रानासाठी नव्हे, खरं सांगायचं तर शेवंताबाईंच्या हातच्या नाचणीच्या भाकरीसाठी.

बाई मात्र तिथं काही खात नसत. दोन दिवसांचा शिधा घरून: दशम्या, लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी, गूळ. पाणीसुद्धा उकळून, गाळून. शेवंताबाई दर वर्षी विचारायच्या आणि बाई दर वर्षी हात जोडून सांगायच्या, माझा नेम आहे. माझ्या डोळ्यांसमोर तीन वर्षं हे चाललं होतं. शेवंताबाई मला भाकरी वाढताना बाईंच्या डब्याकडे बघायच्या. एकदा चुलीशी मला हळूच म्हणाल्या, “बाईंस्नी आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?” मी तोंडात घास असताना म्हणाले, छे हो, त्या जैन आहेत. आणि पुढचा घास घेतला. त्यांना जे जाणून घ्यायचं होतं ते मी सांगितलंच नाही.

तिसऱ्या वर्षी संध्याकाळी राईत शिरलो आणि बाई बोलता बोलता थांबल्या. समोर अंजनीच्या मुळाशी सात-आठ पांढऱ्याशुभ्र अळंब्या. सोललेल्या अंड्यासारखा रंग, कमरेला झालर. माझं लक्ष झालरीवर, बाईंचं पायाकडे. गुडघ्यावर बसून त्यांनी खुरपीनं भोवतालची माती काढली. अळंबी एका पांढऱ्या पिशवीतून उभी होती, फुटलेल्या कवचातून पिल्लू उभं राहावं तशी.

“सुमन,” त्या म्हणाल्या, “जन्मात एकदा.”

मी अर्थातच विचारलं, की चवीला कशी असेल. त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. मग माझं मनगट धरून म्हणाल्या, कुणाला बोलायचं नाही. मी देवाची शपथ घेतली.

ती शपथ मी चांगला अर्धा तास पाळली. घरी आल्यावर बाईंनी ओसरीवर बसून उकरून आणलेल्या चारही अळंब्या एकेक करून पानात गुंडाळल्या, तान्ही बाळं दुपट्यात गुंडाळावीत तशा, आणि परडी पोटाशी धरून आत नेली. शेवंताबाई दारातून बघत होत्या. मला विचारलं, काय सापडलं बाईंस्नी? मला मोठेपणा मिरवायची तशी संधी पुन्हा कुठं मिळणार होती. म्हणाले, “बाई म्हणतात, असली चीज जन्मात एकदा मिळते.” आणि कुठल्या झाडाखाली तेही सांगितलं.

रात्री वाटी पालथी घातली होती. सकाळी बाईंनी ती उचलली. कागदाचा पांढरा अर्धा कोरा दिसत होता आणि काळ्या अर्ध्यावर पांढऱ्या भुकटीच्या रेघा. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, “पांढरी.” चेहरा बोर्डात पहिली आलेल्या मुलीसारखा. मला काही सांगितलं नाही. वाडीतही कुणाला काही सांगितलं नाही. मग आम्ही पलीकडच्या ओढ्याला गेलो आणि दुपारी भुकेनं परत आलो.

पाटावर दोन ताटं मांडलेली होती. शेवंताबाई पदर खोचून उभ्या, चेहऱ्यावर काहीतरी झाकलेलं हसू. म्हणाल्या, आज बाईंनी डबा उघडायचा न्हाई. मग पातेल्यावरचं झाकण काढलं. पांढऱ्या फोडी, ओल्या खोबऱ्याचा रस, वर कोथिंबीर. मी तर बसलेच होते. भाकरीचा तुकडा मोडला, रसात बुडवला, आणि तो तोंडाशी आला तेव्हा बाईंनी माझ्या हातावर असा फटका मारला की काचेची बांगडी फुटून ताटात पडली.

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? घास गेला, हे. कुणी माणूस मरू शकतं वगैरे नंतर.

शेवंताबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र तिथंच विझलं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, “आवं बाई, कांदा न्हाई, लसून न्हाई. पातेलं सुदिक नवं काढलंय. इतक्या वर्सांत तुमाला आवडतंय असं एकच काय ते मला दिसलं, ते केलं. चालत न्हाई तर सरळ म्हना. ताटावर हात कशाला मारताय?”

बाई उभ्याच होत्या. “कुणी खाल्लं?” त्यांनी विचारलं.

“कोन खानार तुमच्या आदी? मीठ बघितलं तेवढं. पयल्यांदा अळणी लागली म्हून पुन्यांदा बघितलं.”

बाई म्हणाल्या, ती विषारी आहे, आत्ता दवाखान्यात चला. शेवंताबाई हसल्या. खरंच हसल्या. मला काय झालंय, म्हणाल्या, मी तर भाकरी खाऊन धुणं धुतलं. शेजारपाजारची चार माणसं गोळा झाली. दिलीप घरीच होता, पावसात महाबळेश्वरला गिऱ्हाईक नसतं म्हणून टॅक्सी अंगणात ताडपत्रीखाली उभी. तोही आला. बाईंनी त्याला समजावलं, की हिचं विष लगेच दिसत नाही, आठ-दहा तास माणूस धडधाकट असतं. हे ऐकून सगळ्यांना ते आणखीच खोटं वाटलं. दिलीप म्हणाला, म्याडम, भरल्या पावसात घाट उतरायचा, आणि कशासाठी, मीठ बघितलं म्हणून? उद्या सकाळी बघू की.

आणि शेवंताबाई म्हणाल्या, “इखारी कशी असंल? आमी त्या राईतलं कवाच काय उचलत न्हाई. सासू हात लावू देत नव्हती. तुमी पोटाशी धरून आनली, म्हून मी गेले.”

बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या खाली बघत होत्या. कुणाच्या तरी पायांकडे. मग ओसरीवरून उतरून अंगणात, पावसात जाऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांना दिसतील अशा.

“मला सकाळीच कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?” दिलीपनं विचारलं.

“की ही माणूस मारते. कालच वाटलं होतं, सकाळी खात्री झाली. मी कुणाला बोलले नाही.”

“का न्हाई?”

“मला ती माझ्या नावावर पाहिजे होती.”

वाडीतल्या त्या माणसांना नावावर म्हणजे काय ते कितपत कळलं कोण जाणे. जमीन नावावर करतात, घर करतात. पण लपवलं एवढं सगळ्यांना कळलं. एका म्हाताऱ्यानं पानाची पिंक टाकली, लांब, पण बाईंच्या दिशेनं.

“मला काय म्हणायचं ते गाडीत म्हणा,” बाई दिलीपला म्हणाल्या. “आधी गाडी काढा.”

त्यानं काढली. विषारी आहे या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. पण कुणी उगीच आपल्या तोंडाला असं काळं फासून घेत नाही, हे त्याला कळलं.

घाटात शेवंताबाई मजेत होत्या. मला खिडकीतून धबधबे दाखवत होत्या, बाईंशी मात्र एक शब्द नाही. बाई पुढं बसलेल्या, मांडीवर परडी. साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांनी ती डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी केली, पाय दाखवला, कागद दाखवला, कुळाचं नाव सांगितलं. डॉक्टर तरुण होते, पण ऐकून घेणारे. दिवेलागणीला शेवंताबाईंना उलट्या सुरू झाल्या.

पुढचं सगळं मी सांगत नाही. एवढंच सांगते, की दोन दिवसांनी त्यांना एकदम बरं वाटलं, चहा प्यायल्या, घरी जायचं म्हणून साडी नेसून बसल्या. दिलीपही तयार झाला. तेव्हा बाई वॉर्डच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बरं वाटतं ना, तोच धोका. दिलीपनं त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं. त्या पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. शेवटी डॉक्टर आले म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

त्या वाचल्या. बरेच दिवस लागले, नंतरही वर्षभर अंगात ताकद नव्हती, पण वाचल्या. त्या दिवसांत बाई दवाखान्याच्या जिन्याखालच्या बाकावर असायच्या. मी डबा न्यायची, ऊन असताना, आणि भरलेलाच परत आणायची.

शुद्धीवर नीट आल्यावर शेवंताबाईंनी त्यांना आत बोलावलं. मी पायथ्याशी उभी होते. त्यांनी एकच विचारलं, “बाई, मला एकलीला तरी सांगायचं हुतं. मी कुनाला सांगितलं असतं?”

बाईंनी वाकून शेवंताबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. शेवंताबाईंनी पाय मागं घेतले, आणि ते रागानं की संकोचानं हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आणि मी, जिनं झाडाची जागासुद्धा सांगितली होती, मी हातातल्या मोसंब्या सोलत होते. कुणी मला काही विचारलं नाही. एवढं मोठं पाप बाईंच्या वाट्याला आल्यावर माझ्या चोंबडेपणाला कोण विचारतं? मला तेव्हा त्यात सुटल्यासारखं वाटलं, आणि लाज वाटायला लागली ती बऱ्याच वर्षांनी.

अळंबी बाईंनी छापली नाही. पुण्याच्या त्या मुलाला स्वतः फोन केला, माझ्यासमोर. जागा सांगितली, झाड सांगितलं. “आधी वाडीत जाऊन सांग, प्रत्येक घरात सांग,” म्हणाल्या, “मग खुशाल नाव दे.” त्यानं दिलं. या खेपेला आभारातही बाईंनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही.

गटावर खाऊ का, असं कुणी विचारलं की आता बाईंचं उत्तर लगेच यायचं: नको. नाव काय, विचारलं तरी आधी नको, आणि मग नाव. शाळाशाळांतून जाऊन मुलांना सांगायच्या, की मी नेते म्हणून तुम्ही नेऊ नका, मी खात नाही. तहसीलदार वैतागून गट सोडून गेले.

वाडीत मात्र त्या पुन्हा गेल्या नाहीत. दिलीप माझ्याकडे निरोप द्यायचा, आई विचारते, बाई कवा येनार? मी तो बाईंना सांगायची आणि त्या विषय बदलायच्या. एकदा महाबळेश्वरच्या बसमध्ये मला आमच्या ओळखीचा कंडक्टर भेटला. म्हणाला, तुमच्या त्या पँटवाल्या मॅडम दर पावसाळ्यात येतात, वाडीच्या फाट्यावर उतरतात, रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभ्या राहतात आणि गाडी परतली की तिनंच माघारी जातात. मी हे बाईंना कधी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात न बोलण्याचे जे दोन-तीन प्रसंग आहेत त्यांतला हा एक.

मग गुडघे गेले, डोळेही मंदावले आणि बाई सांगलीला भावाकडे गेल्या. यंदाच्या माघात त्यांचा भाचा फोनवर म्हणाला, आत्यांनी अन्न सोडल्यासारखंच केलंय, व्रत-बित काही नाही, नुसतं नको म्हणतात. मी दिलीपला कळवलं. दुसऱ्या दिवशी टॅक्सी दारात, आणि आत शेवंताबाई, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा.

गावात हळद शिजवणं चाललं होतं. सगळ्या गल्लीला तो ओला, कडवट वास. बाई मागच्या खोलीत खिडकीशी होत्या. अंग एवढं आटलेलं की चादरीखाली कुणी आहे हे समजायला वेळ लागला. मी बोलले, तर आवाजावरून ओळखलं. म्हणाल्या, “सुमन, पाणी नको ओतूस.” मी हसले आणि मग पुढं काय करावं ते मला सुचेना.

“बरोबर कोण आहे?” त्यांनी विचारलं.

शेवंताबाई पलंगाशी खाली बसल्या, फडकं सोडलं. तांदळाची भाकरी आणि दुधीची साधी भाजी. त्या वासानं असेल किंवा बांगड्यांच्या आवाजानं, बाईंना कळलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मग भिंतीलाच विचारलं, “ऊन आहे का अजून?”

“आहे,” मी म्हणाले. “थोडं आहे.”

शेवंताबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि बाईंना द्यायच्या आधी त्यातला निम्मा स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला, बाईंकडे बघत. दारात उभ्या असलेल्या भावजय पुढं सरसावल्या, उष्टं म्हणून. मी त्यांच्या हाताला धरलं.

“मीठ बघितलं,” शेवंताबाई म्हणाल्या.

बाईंनी मान वळवली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी आवाज आला तिकडे बघत राहिल्या.

“खाऊ का?” त्यांनी विचारलं.

“खावा,” शेवंताबाई म्हणाल्या, आणि उरलेला घास पुढं केला. बाईंनी तोंड उघडलं.